गोव्यातील नटनट्यांसाठी हेडशॉट : तयारीपासून पाठवण्यापर्यंत

गोव्यातल्या नटाकडे स्वतःचे फोटो नाहीत, असे क्वचितच होते. देवळाच्या उत्सवातील नाटक, कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा, रवींद्र भवनातील प्रयोग, जत्रेतील कालो हा लोकनाट्यप्रकार या साऱ्यांच्या फोटोंनी त्याचा मोबाइल भरलेला असतो. तरीही मुंबईहून एखाद्या मालिकेसाठी ‘प्रोफाइल पाठवा’ असा निरोप आला की त्यातला एकही उपयोगी पडत नाही. एकात डोक्यावर जिरेटोप असतो, दुसऱ्यात दाढीमिशा चिकटवलेल्या असतात, तिसऱ्यात लाल-निळ्या दिव्यांनी चेहऱ्याचा रंगच बदललेला असतो, आणि उरलेले फोटो कुणाच्या तरी लग्नातले, कडेच्या दोघांना कापून काढलेले असतात. त्यांत भूमिका दिसते, प्रसंग दिसतो. नट स्वतः कसा दिसतो ते कळत नाही.

हेडशॉट हा डोक्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंतचा, सध्याचा, साधा आणि स्पष्ट फोटो असतो. कास्टिंग करणारी व्यक्ती तो पाहते तेव्हा तिच्यासमोर त्याच भूमिकेसाठी आलेले कितीतरी चेहरे असतात, आणि बहुतेक वेळा ते मोबाइलच्या पडद्यावर बोटभर आकारात दिसत असतात. या माणसाला ऑडिशनला बोलवावे किंवा त्याच्याकडून सेल्फ टेस्ट, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन, मागवावी की नाही, एवढेच तिला ठरवायचे असते. म्हणून हेडशॉटची कसोटी एकच आहे : फोटो पाहून ज्याला बोलावले, तोच माणूस दारातून आत आला पाहिजे. मुंबईत राहणाऱ्याची वाया गेलेली ऑडिशन अर्ध्या दिवसात निभावते. पण नोकरीत रजा टाकून, मडगावला संध्याकाळी कोकणकन्या एक्सप्रेस पकडून, नातेवाइकांकडे मुक्कामाची सोय लावून जाणाऱ्याला ती फार महागात पडते. आपल्यापेक्षा तरुण, गोरा किंवा सडपातळ दिसणारा फोटो बोलावणे मिळवून देईलही, परंतु आत पाऊल टाकताच समोरच्याची नजर फोटोवरून आपल्यावर आणि आपल्यावरून पुन्हा फोटोवर जाते, आणि संवादाचे पहिले वाक्य म्हणण्याआधीच निकाल लागलेला असतो. पुढे उजेड, कॅमेरा, कपडे आणि रिटचिंग (फोटोवरची नंतरची दुरुस्ती) यांविषयी जे सांगितले आहे, ते सारे याच कसोटीवर घासून पाहावे.

भूमिकेचा अंदाज आधी घ्यावा

फोटो काढायला जाण्यापूर्वी आपण कोणत्या भूमिकांत पटतो हे ठरवावे लागते, आणि हे काम एकट्याने होत नाही. रंगभूमीवर वय लपते. पंचविशीतला मुलगा रंगभूषेच्या बळावर साठीचा जमीनदार होतो आणि चाळिशी ओलांडलेली नटी दहाव्या रांगेतून तरुण नायिका वाटते. कॅमेऱ्यासमोर ही सवलत मिळत नाही. तेथे जन्मदाखल्यावरचे वय कुणी विचारात घेत नाही; चेहऱ्यावर दिसणारे वय मोजले जाते. ज्या दिग्दर्शकाने आपल्याला तालमीत महिनोन्‌महिने पाहिले आहे त्याला, आणि जो आपल्याला फारसा ओळखत नाही अशा एखाद्या परिचिताला, एकच प्रश्न विचारावा : रस्त्यात पाहिले तर मी कोण वाटतो? शाळेतला मास्तर, बँकेतला कारकून, हवालदार, दवाखान्यातला डॉक्टर, दुकानदार, की पुढाऱ्याच्या मागे उभा राहणारा कार्यकर्ता? दोघांची उत्तरे जिथे जुळतात, तिथे आपला चेहरा लोकांना सहज पटतो असे समजावे. अशा दोन-तीन भूमिका कागदावर लिहून तो कागद छायाचित्रकाराच्या हाती द्यावा.

याचा अर्थ गणवेश भाड्याने आणावा असा मात्र नाही. इस्त्री केलेला कॉलरचा शर्ट, नीट विंचरलेले केस आणि ताठ मान एवढ्याने हवालदार सुचतो, आणि तोच नट गोल गळ्याच्या साध्या टी-शर्टमध्ये रिक्षाचालक किंवा थोरला भाऊ वाटू शकतो. सूचना पुरेशी असते. पूर्ण वेशभूषा केली की तो नाटकातला फोटो होतो, आणि ते फोटो आपल्याकडे आधीच आहेत.

एका बैठकीतून निदान एवढा संच हाती यावा : शांत, मोकळ्या चेहऱ्याचा एक हेडशॉट, खरोखर हसतानाचा एक, गंभीर भावाचा एक, चेहऱ्याची डावी व उजवी बाजू दाखवणारे दोन आणि पायांपर्यंतचा एक सरळ उभा फोटो. यातला शेवटचा फोटो पुष्कळांना अनावश्यक वाटतो. प्रत्यक्षात उंची आणि अंगकाठी त्यावरूनच कळत असल्याने तो हमखास मागितला जातो.

छायाचित्रकाराची निवड

गोव्यात लग्नसमारंभांचे फोटो काढणारे कुशल छायाचित्रकार गावोगावी आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणीही चांगला हेडशॉट काढू शकेल, पण त्यासाठी त्याला आपली सवय थोडी बाजूला ठेवावी लागेल. लग्नाच्या अल्बममध्ये त्वचा मऊ करणे, पाठीमागचे सारे धूसर करणे, मावळत्या सूर्याचा सोनेरी रंग चढवणे हे अपेक्षितच असते. नटाच्या फोटोत यातली प्रत्येक गोष्ट चेहऱ्याच्या आड येते. म्हणून त्याने काढलेले अल्बम पाहून निर्णय घेण्यापेक्षा, साध्या भिंतीसमोर कुणाचे निव्वळ चेहरे काढले असतील तर ते दाखवावेत, अशी विनंती करावी. अशा फोटोंमध्ये वेगवेगळी माणसे खरोखर वेगवेगळी दिसतात की सगळ्यांची त्वचा एकसारखी गुळगुळीत झाली आहे, हे पाहिले की त्याची दृष्टी कळते.

किती वेळ, कपड्यांचे किती बदल, किती फोटो पूर्ण करून मिळणार, न निवडलेले फोटो मिळणार की नाही आणि किती दिवसांत, हे आधी लिहून घ्यावे. व्हॉट्सॲपवरचा संदेशही पुरेसा होतो. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे असतो. फुकट किंवा परस्परांच्या सोयीसाठी काढलेल्या फोटोंना ही तरतूद तशी लागू होत नाही. म्हणून मैत्रीत काढलेले फोटो कोण कुठे वापरणार, हेही एका ओळीत लिहून ठेवणे दोघांच्याही हिताचे असते.

येथे एक इशारा स्पष्टपणे द्यायला हवा, कारण गोव्यातील तरुण मुलामुलींना याच वाटेने फसवले जाते. ‘तुमची निवड झाली आहे, फक्त पोर्टफोलिओ आमच्याच छायाचित्रकाराकडून काढावा लागेल’, किंवा ‘नोंदणी शुल्क भरा, मग भूमिका देतो’, असे सांगणारा माणूस काम देणारा नसतो. कास्टिंगचे मानधन निर्मात्याकडून येते. ते नटाच्या खिशातून घेतले जात नाही. त्याचप्रमाणे पहिल्या बैठकीला कुणालातरी सोबत न्यावे, आणि सोबत आणू नका असे सांगणाऱ्याकडे मुळीच जाऊ नये. हा नियम नट्यांनी तर पाळावाच, नवख्या नटांनीही पाळावा. मूल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांपैकी कुणीतरी संपूर्ण वेळ तिथे असलेच पाहिजे.

उजेड

हेडशॉटसाठी महागडे दिवे लागतातच असे नाही. एका बाजूने येणारा, मोठ्या जागेतून पसरलेला मऊ उजेड मिळाला म्हणजे झाले. उजेडाचा उगम चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ होतात. भर दुपारचा सूर्य आकाशात लहानसा असतो, म्हणून त्याच्या सावल्या धारदार पडतात. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाची सावली ओठावर येते आणि नट डोळे बारीक करतो.

गोव्यात फोटो म्हटला की पहिला विचार समुद्रकिनाऱ्याचा येतो. मी त्याला ठाम विरोध करतो. मिरामारला किंवा कोलव्याला संध्याकाळी उभे राहिले तर वाळू खालून उजेड फेकते आणि हनुवटीच्या खालचा भाग नको इतका उजळतो, वारा केस जागेवर राहू देत नाही, पश्चिमेकडे तोंड केले तर सूर्य थेट डोळ्यांत जातो. या अडचणींवर उपाय करता येतील, पण समुद्र मागे दिसला की पाहणाऱ्याचे लक्ष सहलीकडे जाते, यावर उपाय नाही. पणजीतल्या फोंतेनेश किंवा मळा या जुन्या वस्त्यांतील रंगीत भिंतींविषयीही माझे हेच मत आहे; शिवाय त्या घरांत माणसे राहतात आणि दारात येऊन फोटो काढणाऱ्यांनी ती आधीच त्रासलेली आहेत.

खरी सोय आपल्या घरातच असते. जुन्या घरांचे बाल्कांव (दारापुढचा छपराखालचा सोपा), देवळाच्या अग्रशाळेचा सोपा किंवा साध्या घराची पडवी ही हेडशॉटसाठी अतिशय चांगली जागा आहे, आणि तिचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. ढगाळ दिवशी सारे आकाश एक प्रचंड मऊ दिवा होते, परंतु तो दिवा डोक्यावर असतो, त्यामुळे उघड्यावर उभे राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंधार साचतो. पडवीच्या कडेपासून हातभर आत, बाहेर तोंड करून बसले की वरचा उजेड छप्पर अडवते आणि समोरचाच तेवढा चेहऱ्यावर येतो. डोळे उजळतात, गालांना आकार येतो. जून ते सप्टेंबरचा पावसाळा फोटोंसाठी वाईट समजला जातो, पण पडवीत बसून काढायच्या हेडशॉटला तो उत्तम काळ आहे. ज्या घरात मधोमध राजांगण आहे, तिथे भोवतालच्या ओसरीवर राजांगणाकडे तोंड करून बसले तर दुपारीही असा उजेड मिळतो, फक्त समोरच्या भिंतीवर थेट ऊन पडलेले नसावे.

आपल्याकडे एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे परिसराचा रंग. समोर हिरवेगार अंगण असेल तर त्याची हिरवी झाक हनुवटीवर आणि मानेवर येते. चिऱ्याची भिंत किंवा तांबडी माती असेल तर चेहरा लालसर होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, फोटोत लगेच जाणवते, आणि नंतर संगणकावर दुरुस्त करणे कठीण जाते, कारण रंग चेहऱ्याच्या खालच्या भागावरच चढलेला असतो. पायांसमोर जमिनीवर एक पांढरी चादर अंथरली की ही झाक जवळजवळ नाहीशी होते आणि डोळ्यांखालच्या सावल्याही हलक्या होतात.

खोलीत फोटो काढायचा असेल तर थेट ऊन न येणारी मोठी खिडकी निवडावी आणि तिच्यापासून सुमारे एक मीटरवर, खिडकी चेहऱ्याच्या समोर थोडी एका बाजूला येईल अशा रीतीने बसावे. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला की सावलीचा भाग उजळतो; तो जवळ-दूर करून सावली हवी तेवढी ठेवता येते. शिंपल्यांची तावदाने असलेली जुनी खिडकी असेल तर ती उघडावी, कारण शिंपल्यांतून येणारा उजेड मंद आणि काहीसा पिवळसर असतो. खोलीतले ट्यूबलाइट आणि एलईडी दिवे बंद करावेत; खिडकीचा एक रंग आणि दिव्यांचा दुसरा, असे दोन रंग चेहऱ्यावर एकत्र आले की ते सुटे करता येत नाहीत. भिंत साधी आणि फिकट करडी किंवा गडद निळसर असावी, आणि तिच्यापासून दीड मीटर तरी पुढे बसावे, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही.

सारे जमले की नाही, हे पाहायला नटाच्या बुबुळाकडे पाहावे. तिथे उजेडाचा एक लहानसा चौकोन दिसतो. बारकाईने पाहिले तर त्यात खिडकीचे गजही मोजता येतात. हा ठिपका घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी असेल तर उजेड योग्य उंचीवरून येत आहे. तो दिसतच नसेल तर डोळे निर्जीव वाटतात, आणि मग बाकी कितीही चांगले असले तरी फोटो मनात राहत नाही.

कॅमेरा आणि मोबाइल

चेहऱ्याची प्रमाणे अंतरावर अवलंबून असतात. फार जवळून फोटो काढला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स लावून दीड ते दोन मीटरवरून काढले की डोके आणि खांदे नीट बसतात व चेहऱ्याची ठेवण खरी दिसते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची स्वस्त लेन्स जवळपास तेच काम करते. लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ/४ ते एफ/५.६ ठेवावे. एफ/१.८ वर एक डोळा रेखीव आणि दुसरा धूसर होण्याचा धोका असतो. शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या आसपास पुरतो, आणि कॅमेरा नटाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा.

उजेडाचे मोजमाप चेहऱ्यावरून घ्यावे, कारण मागे पांढरी भिंत असेल तर कॅमेरा चेहरा काळवंडून टाकतो. मात्र मोजमाप घेताना सावळा रंग ‘उजळावा’ म्हणून फोटो मुद्दाम जास्त प्रकाशित करू नये. आपल्याकडे ही खोड फार खोलवर गेली आहे आणि छायाचित्रकार ती न विचारता पाळतात. सावळ्या त्वचेवर उजेडाचे जे सुंदर चढउतार दिसतात ते अशाने पुसले जातात, आणि नट प्रत्यक्ष समोर आला की फोटो खोटा ठरतो. नटाने हे आधीच सांगावे आणि छायाचित्रकाराने ऐकावे.

मोबाइलवरही कामचलाऊ हेडशॉट निघतो. सेल्फी कॅमेरा न वापरता मागचा वापरावा, लेन्स स्वच्छ पुसावी, दोनपट किंवा तीनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती निवडून मागे सरकावे आणि दुसऱ्या कुणाच्या हाती मोबाइल द्यावा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा. तो केसांच्या बटा आणि कानाच्या कडा चुकीच्या कापतो. सौंदर्य वाढवणारी सगळी सेटिंग बंद आहेत ना, हेही पाहावे, कारण काही मोबाइलमध्ये ती मुळातच चालू असतात. दमट हवेत आणखी एक अडचण येते : वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणला की लेन्सवर बाष्प धरते, तो पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेला अर्धा तास रुळू द्यावा.

कपडे, केस, रंगभूषा

एकरंगी, मध्यम छटांचे आणि अंगाला नीट बसणारे कपडे घ्यावेत. बारीक रेघांच्या कापडावर फोटोत लाटा उमटतात. झगझगीत पांढरा आणि काळाभोर रंग चेहऱ्यावरून लक्ष ओढून घेतात. छातीवर नाव किंवा चित्र असलेला टी-शर्ट तर आणूच नये. नट्यांनी एक संच टिकली, मंगळसूत्र व मोठे कानातले यांच्याशिवाय काढावा, आणि गृहिणीच्या भूमिका आपल्याला साजत असतील तर दुसरा संच टिकली व साडीसह काढावा. चष्मा रोज वापरत असाल तर दोन्ही प्रकारे फोटो घ्यावेत आणि काचेवर खिडकी चमकत असेल तर चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलाव्यात.

दाढी असलेल्या नटाने दाढीचे फोटो आधी काढून मग मिशी ठेवून, आणि शेवटी पूर्ण गुळगुळीत करून काढावेत. प्रत्येक वेळी वस्तरा लागल्यावर त्वचेची लाली ओसरायला थोडा वेळ द्यावा. रंगमंचावरची जाड रंगभूषा येथे चालत नाही. चकाकी घालवण्यापुरती पावडर आणि डोळ्यांखालची काळोखी थोडी सौम्य करणे, इतके पुरे. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या ओठावर आणि कपाळावर घामाचे थेंब क्षणात उभे राहतात. म्हणून सकाळी लवकर बसावे, पंखा ठेवावा आणि घाम पुसण्यापेक्षा टिपकागदाने टिपावा. आदल्या रात्री प्रयोग असेल तर दुसऱ्या दिवशी फोटो काढू नयेत; जागरण आणि पॅनस्टिकची जाड रंगभूषा दोन्हीही चेहऱ्यावर उरतात.

चेहऱ्यावरचा भाव

सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि उत्सवी नाटकांत वाढलेल्या नटांना तो अधिक अवघड जातो. देवळाच्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोचवायची सवय लागलेला चेहरा दीड मीटरवरच्या लेन्ससमोरही तितकेच पोचवू पाहतो. भुवया वर जातात, छाती भरते, श्वास अडकतो. फोटोत तो भाव दिसतो, पण नट कुणाशी बोलत आहे हे दिसत नाही.

फोंड्याकडचे एक ज्येष्ठ नट, ज्यांनी कित्येक उत्सवांत खलनायक रंगवले आहेत, माझ्यासमोर असेच बसले होते. प्रत्येक वेळी कॅमेरा वर केला की डोळे रोखले जात. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि यंदा कुळागरात सुपारी कशी आहे ते विचारले. ते सांगू लागले. खेत्यांनी, म्हणजे माकडांनी, नारळ कसे खाली पाडले, नारळ काढणारा पाडेली कसा मिळत नाही, आणि गेल्या वर्षी काय भाव मिळाला होता हे आठवायला वाक्याच्या मध्येच थांबले. त्या थांबण्यात त्यांचे डोळे किंचित बाजूला गेले, जबडा सैल झाला, आणि मग उत्तर सापडताच नजर परत माझ्याकडे आली. ती परत येणारी नजर मी टिपली. त्यात एक धूर्त, हिशेबी, तरीही मायाळू माणूस होता, आणि पाहणाऱ्याला त्यात सावकारही दिसला असता, आजोबाही.

यातून जी पद्धत निघते ती कुणालाही वापरता येते. लेन्सच्या अगदी शेजारी एखाद्या सहकलावंताला बसवावे आणि त्याने खरोखर काहीतरी बोलावे. नटाने उत्तर द्यावे किंवा नुसते ऐकावे. ऐकणारा चेहरा बोलणाऱ्या चेहऱ्यापेक्षा फोटोत अधिक जिवंत दिसतो. फोटो वाक्य संपल्यानंतरच्या क्षणी घ्यावा, कारण बोलताना ओठ विचित्र आकारात पकडले जातात. सहकलावंत नसेल तर पाठ असलेले स्वगत मनात म्हणावे, ओठ न हलवता. ताण आला की डोळे मिटून श्वास पूर्ण सोडावा आणि उघडताच फोटो घ्यावा. मान थोडी पुढे आणि हनुवटी किंचित खाली ठेवली की जबड्याची रेषा स्पष्ट होते. हे बसलेल्याला विचित्र वाटते, पण समोरून ते कळत नाही. हसणे मागून घेतले तर फक्त दात दिसतात. खरे हसताना खालची पापणी वर सरकते, आणि पाहणारा नकळत तिकडेच पाहत असतो.

पहिली पंधरा-वीस मिनिटे बहुधा वाया जातात. त्यासाठी वेळ राखून ठेवावा आणि सर्वांत महत्त्वाचा पोशाख दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा.

निवड, रिटचिंग आणि पाठवणे

फोटोंची निवड स्वतः करू नये आणि आईकडूनही करवून घेऊ नये. दोघेही सुंदर फोटो निवडतात. आपले काम ओळखणाऱ्या दिग्दर्शकाला किंवा सहकलावंताला दहा-बारा फोटो दाखवून, कागदावर लिहिलेल्या भूमिकांपैकी कोणती कुठे दिसते, ते विचारावे. मग त्यांतून निवडलेले फोटो मोबाइलवर लहान करून पाहावेत. त्या आकारातही ज्याचे डोळे आपल्याला थांबवतात, तो पुढे ठेवावा.

रिटचिंगसाठी एक सोपा नियम आहे : पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते काढावे, जे राहणार आहे ते राहू द्यावे. मुरूम, ओरखडा, उडालेली एखादी बट काढायला हरकत नाही. तीळ, जुना व्रण, कपाळावरच्या आठ्या, पिकलेले केस हे सारे तसेच असावे. त्याच आठ्यांमुळे एखादी भूमिका आपल्याला मिळणार असते.

छापील प्रतीसाठी आठ बाय दहा इंच हा रूढ आकार आहे. ३०० डीपीआयला त्यासाठी २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. ईमेलसाठी लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास असलेली जेपेग फाइल पुरते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फाइलच्या नावात आपले नाव, दिसणारे वय, उंची आणि शहर असावे. कॅमेऱ्याने दिलेला आकडी क्रमांक तसाच राहिला तर डाउनलोड झालेल्या शेकडो फाइलींत आपण सापडत नाही. फोटोवर छायाचित्रकाराचा शिक्का किंवा नक्षीदार चौकट नको. सोबतच्या मजकुरात येत असलेल्या भाषा आवर्जून लिहाव्यात. मराठी, कोकणी, हिंदी सहज बोलणारा आणि इंग्रजीही जाणणारा नट गोव्यात सहज भेटतो, पण हे प्रोफाइलमध्ये कुणी लिहीत नाही. संगीत नाटकातले गाणे, पखवाज, फुगडी, पोहणे, होडी वल्हवणे हेही येत असेल तर लिहावे. रंगभूषेतले दोन चांगले फोटो शेवटी जोडता येतात. तिथे त्यांना अर्थ आहे, कारण आधी खरा चेहरा पाहिलेला असतो. २००४ पासून इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि नोव्हेंबरमध्ये देशभरातील चित्रपटकर्मी तिथे येतात. त्या दिवसांत हा संच मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये तयार असलेला बरा.

हेडशॉट एक-दोन वर्षांनी नवा काढावा, आणि चेहरा बदलला तर त्याआधीही. भूमिकेसाठी डोके भादरले, वजन बरेच कमी-जास्त झाले, केस पांढरे ठेवायचे ठरवले, तर जुना फोटो पाठवणे थांबवावे. नवी बैठक होईपर्यंत खिडकीपाशी मोबाइलने काढलेला साधा फोटो तारीख लिहून पाठवावा, आणि ऑडिशनच्या दिवशी दाढी किंवा केस फोटोपेक्षा वेगळे असणार असतील तर मडगावहून निघण्यापूर्वीच एका ओळीत तसे कळवावे.